प्रति: ज्युको बेसबॉल, स्कॉलरशिप किती मागावी?

'कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजचा कोच मुलाला "ये, जागा आहे" म्हणाला, स्कॉलरशिप किती मागू?' असं वर विचारलंय. शून्य. तिथली कम्युनिटी कॉलेजेस (म्हणजे ज्युको, दोन वर्षांची कॉलेजेस) खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. राज्यातल्यांना फी मुळात कमी, एवढाच दिलासा. राज्याबाहेर एनजेसीएएच्या (दोन वर्षांच्या कॉलेजांच्या क्रीडासंघटनेच्या) डिव्हिजन १ मध्ये राहण्या-जेवणासकट खर्च मिळू शकतो, २ मध्ये फी आणि पुस्तकं, ३ मध्ये काही नाही.

आणि त्या 'जागा आहे'ला लगेच भुलू नका. फॉलमध्ये (पहिल्या सत्रात) बरीच पोरं घेतात, स्प्रिंगच्या (खऱ्या सीझनच्या) आधी गळती लागते. कोचला सरळ विचारा: मुलाच्या पोझिशनला एकूण किती जण? गेल्या वर्षीचे सोफोमोर (दुसऱ्या वर्षाचे) पुढे कुठल्या चार वर्षांच्या कॉलेजात गेले? म्हणजे विचारायचं मुलानेच हं. आईबाबांची ईमेल आली की कोच नाक मुरडतात.

आपलं काम वेगळं. काउन्सेलरसमोर बसून कुठली युनिट्स (कोर्सची क्रेडिट्स) चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर होतात ते तपासा. पोरगं .३५० मारतंय (म्हणजे बॅटिंग उत्तम) आणि इंग्रजीचा कोर्स राहिलाय, तर पुढचं कॉलेज हातचं जातं.

कमीपणा मात्र अजिबात मानू नका. मेजर लीगचा दिग्गज आल्बर्ट पुहोल्स कॅन्सस सिटीच्या मेपल वुड्स कम्युनिटी कॉलेजातूनच, १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (मेजर लीग संघांच्या खेळाडू-निवडीत) तेराव्या फेरीत गेला होता. मुलगा पिचर आहे की कॅचर, ते मात्र लिहा. त्यावर बरंच अवलंबून आहे.