आंबोलीचा सडा जूनमध्ये रात्री बंद ठेवावा का?

सडाफटिंग:
मृग लागायचा अवकाश की व्हॉट्सॲपवर पोस्टरं सुरू. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून निघा, शनिवारी रात्री आंबोलीत टॉर्च घेऊन बेडूक-साप बघा, रविवारी धबधबा आणि सोमवारी डोळे चोळत हिंजवडी. जंगल बघायला कोणाची ना नाही, मी स्वतःच जातो. पण माझं म्हणणं असं की पहिला जोरदार पाऊस झाला की पुढचे तीनेक आठवडे आंबोली-चौकुळचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, रात्री बाहेरच्या लोकांना पूर्ण बंद करावेत. फक्त सडे आणि फक्त रात्री. धबधबा, हिरण्यकेशी, महादेवगड, कावळेसाद, कुठे हवं तिथे जा.

कारण आंबोली टोड हा बेडूक. २००९ मध्ये त्याची नवीन जात म्हणून नोंद झाली, आंबोली आणि आसपास सोडलं तर हा प्राणी जगात कुठे नाही, आणि धोक्याच्या यादीत अगदी वरच्या पायरीवर. याची सगळी पिढी पहिल्या पावसानंतरच्या थोड्याच रात्रींत ठरते, सड्यावरच्या जांभ्या दगडात जे वीतभर डबकं साचतं त्यात अंडी घालतो, आणि बरोब्बर त्याच रात्री आपण गमबूट घालून तिथे हजर. काही शहाणे तर गाडीच सड्यावर चढवतात, हेडलाइटमध्ये रील चांगलं येतं म्हणून.

घाटवाट_चिंचवड:
मी ग्रुप नेतो, त्यामुळे बोलणं भाग आहे. दादा, रात्री सड्यावर येणारा माणूस हा आंबोलीला येणाऱ्यांतला सगळ्यात कमी उपद्रवी माणूस आहे. आम्ही छोटी बॅच नेतो, गावातला वाटाड्या घेतो, त्याचे पैसे हातात देतो, चापडा (विषारी साप) दिसला तर लांबून बघा, हात लावायचा नाही हे बसमध्येच दहा वेळा सांगतो. मुख्य धबधब्याखाली स्पीकर लावून, बाटल्या फोडून जाणारी पब्लिक तुम्हाला चालते आणि बेडकाचं नाव पाठ असणारा चालत नाही, हा कुठला न्याय?

आणि बंदी पाळायला लावणार कोण? २०२४ च्या जूनमध्ये भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्ह्यात मनाईचे आदेश निघाले. ज्यांना नियम कळतात ते घरी बसले, बाकीचे ताम्हिणीला सरकले. फळ्याला खिळे मारून पाऊस थांबत नाही.

सडाफटिंग:
धबधब्यावरचा माणूस घाण करतो हे मान्यच, पण तो डांबरी रस्त्याच्या कडेला करतो, ती उचलता येते. चिरडलेली अंडी कुठून उचलणार? तुमची बॅच छोटी असेल हो, पण एका शनिवारी एकाच सड्यावर अशा किती छोट्या बॅचेस असतात ते पण सांगा की.

शिवाय अगदी जवळून फोटो काढणारे मॅक्रोवाले. बेडूक फोटोजेनिक पानावर उचलून ठेवायचा, वर पाण्याचा फवारा मारायचा, मग दहा जणांनी पाळीपाळीने फ्लॅश. हाताला डासांचं मलम चोपडलेलं असतं आणि बेडूक कातडीतून सगळं शोषून घेतो हे कॅमेऱ्याची लेन्स लाखाची असणाऱ्याला माहीत नसतं, किंवा असतं तरी काही फरक पडत नाही.

पेठेतला_पेन्शनर:
पुण्यात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या नऊ-दहा पट आंबोलीत पडतो, आणि तो बघायला माणसं रेनकोट घालून रात्री दोनला दगडावर उकिडवी बसतात. आमच्या पिढीला हे कळणं अवघड आहे. बंदी वगैरे कशाला, पुणेरी उपाय करा, पाटी लावा. "येथे बेडूक अंडी घालतात. आपण गोंधळ घालू नये."

चौकुळकर:
मी चौकुळचा, पोटासाठी धानोरीत. वर सगळं वाचलं. कोथरूड आणि चिंचवड मिळून आमच्या सड्याचा निकाल लावतायत, छान चाललंय.

पहिली गोष्ट, सडा रिकामा नाहीये. आमची गुरं तिथे चरतात, माणसं पलीकडच्या वाडीत त्याच वाटेने जातात. दुसरी गोष्ट, पावसाळा हाच आमचा सीझन आहे. आंबोली, चौकुळ, गेळे या तिन्ही गावांत कबुलायतदार गावकर जमिनीचं भिजत घोंगडं कधीपासून पडलंय माहीत आहे का? पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासन. स्वतःच्या नावावर जमीन नाही म्हणजे बँक दारात उभी करत नाही, मग माणूस घरातल्या दोन खोल्या रंगवून पाहुणे घेतो. त्याच्या जूनमधल्या तीन शनिवार-रविवारांवर तुम्ही पुण्यातून फुली मारणार?

आणि जंगल कशाने गेलं ते तरी बघा. घाट उतरून दोडामार्गात जा, डोंगरच्या डोंगर साफ करून रबर आणि अननस लावलेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडं तोडायला हायकोर्टाने २०१३ मध्ये बंदी घातली तरी तोड सुरूच. कळण्याला २०२१ च्या जुलैमध्ये खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखल लोकांच्या घरात, शेतात. तेव्हा पुण्यातला एकही बेडूकप्रेमी मला दिसला नव्हता. हिरण्यकेशीच्या कुंडातल्या माशाला २०२० मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. गावाने तो आधीपासूनच देवाचा मासा म्हणून राखलाय, आम्हाला राखणं शिकवू नका.

घाटवाट_चिंचवड:
+१. हेच म्हणत होतो.

आजरा_घनसाळ:
थांबा जरा, +१ घाईत देऊ नका, ते तुमच्या बाजूने बोलत नाहीयेत.

चौकुळकर, खाणीचा आणि रबराचा मुद्दा शंभर टक्के. पण खाण वाईट म्हणून सड्यावर चढलेला टायर चांगला होत नाही ना. खाणीविरुद्ध लढायला वर्षं जातात, कोर्ट लागतं. गाडी सड्याखाली ठेवायला आजची रात्र पुरते. आणि गुरांचं म्हणाल तर तो या चर्चेत यायलाच नको. कासला कुंपण घातलं, चराई थांबली, मग फुलांनाच त्याचा त्रास होतोय म्हणून ओरड झाली आणि ते काढलं. तेव्हा गुरं राहू देत, वाटा राहू देत. प्रश्न एवढाच की रात्री बाहेरून येणाऱ्या माणसांचं काय.

कासचंच दुसरं उदाहरण घ्या. दिवसाला ३००० माणसं, आधी बुकिंग, आणि पैसे गोळा करणारी समिती आजूबाजूच्या गावांची. गर्दी तरीही होते, फार गुण गाण्यासारखं नाही ते. वासोट्याला तर पावसाळ्यात प्रवेशच बंद, एरवीही बामणोलीहून बोटीने जायचं आणि संध्याकाळच्या आत परत, मुक्काम नाही. तिथे कोणी रडत नाही की आमचं स्वातंत्र्य गेलं. आंबोलीला मात्र घाटातूनच हायवे जातो म्हणून ती आपल्या बापाची.

घाटवाट_चिंचवड:
ताई, वासोटा अभयारण्यात, व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे गेट आहे, बोट आहे. सड्याला गेट कुठे लावणार? चारी बाजूंनी उघडा.

चौकुळकर:
गेट नको, गाव आहे ना. कोणाची गाडी रात्री सड्याकडे वळली हे गावात दहा मिनिटांत कळतं. आजरा ताईंचं म्हणणं मला पटतंय, पण एका अटीवर, पावती गावाने फाडायची. वनखात्याची खिडकी बसवलीत तर पैसा वर जाणार आणि आमच्या वाट्याला नुसता बोर्ड. तीन आठवडे सडा बंद म्हणत असाल तर त्या दिवसांत पाहुण्याला दिवसा फिरवू, देवराई दाखवू, रात्री घराच्या मागच्या ओहोळावर मलबारी उडता बेडूक दाखवू, तो पाण्यावरच्या फांदीला फेसाचं घरटं करतो, तिथे पायाखाली काही येत नाही. पाहुणा खूश, खोली भरलेली.

सडाफटिंग:
हे मला चालेल. पण वीस जण ओहोळावर उभे राहिले तर तिथेही तोच गोंधळ, आकडा ठरवावाच लागेल.

पेठेतला_पेन्शनर:
आकडा ठरेल तेव्हा ठरेल. सातारा ते कागल रस्त्याचं काम बघता जुलैत निघालेला ग्रुप दसऱ्याला पोचेल, बेडूक सुरक्षित आहेत.

घाटवाट_चिंचवड:
ग्रामसभेचा ठराव आणा, मी पहिला पाळीन, पोस्टरवर पण छापीन. पण एक सांगतो, राग मानू नका. मागच्या पावसाळ्यात सड्यावर हेडलाइट लावून उभी असलेली जीप पुण्याची नव्हती. तिथल्याच होमस्टेवाल्याची होती, पाहुण्यांना गाडीतून उतरायला नको म्हणून थेट डबक्यापर्यंत नेलेली. त्याला पण बंदी का फक्त आम्हाला?

चौकुळकर:
त्याला पण. कोण ते मला कळलंय, इथे नाव घेत नाही. गणपतीला गावी गेलो की तोंडावर बोलतो.