बी.फार्मच्या नोट्ससाठी टॅब घ्यायचाय, पण पेनचं काही कळेना

टॉवेलवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बी.फार्मच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्ही अशोक चौकाकडं राहतो, कॉलेज गावाबाहेर, रोज बसनं जाऊन-येऊन. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगचं बघतो, त्यामुळं टॉवेलचं वजन हातात घेऊन सांगू शकतो, पण टॅबमधलं मला काही कळत नाही.

सर पीडीएफ पाठवतात. पोरगी मोबाईलच्या एवढ्याशा काचेवर बोटानं मोठं करून करून बघते आणि वहीत उतरवून घेते. रात्री साडेअकरापर्यंत हेच. झेरॉक्सला महिन्याला सहाशे-सातशे जातात ते वेगळेच. परवा ती म्हणाली, “पप्पा, उतरवण्यातच वेळ जातो, वाचायचं कधी?” तेव्हा ठरवलं, आता घ्यायचाच.

भिशी लागलीय. तीस हजार बाजूला काढलेत, फार तर पस्तीस. एकदाच घेणार आणि चारही वर्षं पुरला पाहिजे. नवी पेठेत दोन दुकानं फिरलो. एका ठिकाणी म्हणाले, “कुठलाबी घ्या, सगळ्यात पेन चालतं.” पण माझ्या साडूच्या पोरानं गेल्या वर्षी असंच ऐकून घेतला. त्यावर पेननं लिहिलं की अक्षर फुटतं, हात टेकला की भलत्याच रेघा उठतात. आता तो टॅब फक्त व्हिडिओ बघायला उरलाय. माझ्या पोरीचं तसं व्हायला नको.

अजून एक. आमच्या घरात तेलुगू, तिची शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी. नोट्स इंग्रजीत घेते, पण एखादी गोष्ट समजली की समासात मराठीत लिहून ठेवते. म्हणजे दोन्ही लिप्या नीट उमटायला पाहिजेत. कुणी वापरलेलं असेल तर सांगा की.

जुळे_सोलापूरकर

पस्तीस हजारात लॅपटॉप येतो. चार वर्षांनी नोकरीलाही तोच कामाला येईल. टॅबच्या नादाला लागू नका.

टॉवेलवाला_सोलापूर

दादा, लॅपटॉपचा विचार केला होता. पण तिला आकृत्या काढाव्या लागतात, हृदयाची, मूत्रपिंडाची. शिवाय रसायनशास्त्रातले बाण आणि रचना. ते टाइप कसं करणार? बसमध्ये मांडीवर उघडता येत नाही ते वेगळंच.

गणिताची_ताई

दादा, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. विजापूर रोडला माझ्या अकरावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या आहेत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि फळा बंद झाला. तेव्हापासून मी रोज चार-पाच तास टॅबवर लिहिते. आतापर्यंत तीन टॅब झाले, त्यातला पहिला पूर्ण चुकला.

तो पहिला मी तुमच्यासारखाच, “पेन चालतं” एवढ्या शब्दावर घेतला होता. सोबत अडीचशे रुपयांचं रबरी टोकाचं पेन. पहिल्याच आठवड्यात समीकरण सोडवत होते, उत्तर ४.५ लिहिलं आणि पुढं गेले. तर पलीकडून एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पंचेचाळीस कसे?” मी टिंब दिलं होतं, हाताला आठवत होतं, पण काचेवर ते उमटलंच नव्हतं. पुढं लक्ष ठेवलं तेव्हा कळलं की दहा टिंबांतली तीन-चार तरी गायब होतात. मराठीत लिहिलं तर अनुस्वार जायचे. ‘अंश’चा ‘अश’ व्हायचा. तुमची मुलगी समासात मराठी लिहिते म्हणता, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. आपल्या लिपीत टिंबालाही अर्थ असतो.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे दुकानात कुणी काहीही सांगितलं तरी फसणार नाही. रबरी टोकाचं पेन म्हणजे टॅबच्या लेखी तुमचं बोटच. दोनशेचं असो नाहीतर ‘सगळ्या टॅबला चालणारं’ म्हणून विकलं जाणारं चार्जिंगचं बाराशेचं असो, काचेला ते बोटासारखंच वाटतं. त्यामुळं तळहात कुठला आणि पेन कुठलं हे टॅबला कळत नाही. हात टेकला की रेघा उठतात त्या यानंच. मग पोरं हात अधांतरी धरून लिहितात आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो.

खरं पेन वेगळं असतं. सॅमसंगच्या एस पेनचं सांगते, कारण तेच मी वापरते. टॅबच्या काचेखाली तारांची जाळी असते, तिच्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पेनला चालायला लागणारी वीज त्यातूनच मिळते. म्हणून लिहिण्यासाठी ते पेन चार्ज करावं लागत नाही. पेन काचेच्या जवळ आलं की टॅबला आधीच कळतं, मग तळहाताकडं तो दुर्लक्ष करतो. टिंब कितीही हलकं दिलं तरी उमटतं. २०२० मध्ये आलेला टॅब एस सिक्स लाइट मी साडेतीन वर्षं वापरला. टोक दोनदा बदललं, बाकी पेनला काही झालं नाही.

आता नावं. गॅलेक्सी टॅब ए नाइन प्लस पीडीएफ वाचायला, व्हिडिओ बघायला चांगला आहे आणि स्वस्तही आहे, पण त्याला एस पेन चालत नाही. ‘ए’ आणि ‘एस’ या एका अक्षरात पुष्कळ लोक चुकतात. टॅब एस नाइन एफई आणि एस टेन लाइट या दोन्हींच्या डब्यातच पेन येतं, वेगळे पैसे नाहीत. एस नाइन एफई २०२३ च्या शेवटी आला, पाण्या-धुळीला टिकतो, मेमरी कार्डही बसतं. तुमच्या बजेटला हे दोन बघा. शाओमी आणि वनप्लसच्या काही टॅबना त्यांची स्वतःची चांगली पेनं आहेत, पण बहुधा वेगळी घ्यावी लागतात आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही. २०२३ चा वनप्लस पॅड गो तर पेन घेतच नाही. म्हणून टॅबची किंमत विचारू नका, टॅब आणि पेन मिळून किती ते विचारा.

पण माझं खरं सांगणं पुढंच आहे. मुलीला बरोबर घेऊन जा. मॉडेल टेबलावर ठेवलेलं असतं तिथं तिला खुर्ची मागा, उभ्यानं लिहायला लावू नका. तळहात काचेवर पूर्ण टेकवून तिला तिच्याच अभ्यासातलं अर्धं पान लिहू दे. मग एका ओळीत भराभर वीस टिंबं द्यायला सांगा आणि मोजा. मग मराठीत एखादी लांब ओळ लिहून वर एका दमात शिरोरेघ ओढू दे. रेघ पेनाच्या मागं मागं येते की बरोबर चालते, ते डोळ्याला लगेच दिसतं. शेवटी पट्टीच्या कडेनं तिरकी रेघ अगदी सावकाश ओढायला सांगा. वाईट पेनात ती सापासारखी वळवळते. दहा मिनिटांचं काम आहे. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान बघा, पण हे केल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्याकडच्या उन्हाचंही लक्षात ठेवा. एप्रिल-मेत पारा ४३-४४ वर जातो. गाडीच्या डिकीत किंवा बसच्या खिडकीशी दप्तरात टॅब भाजू देऊ नका, बॅटरी लवकर मरते. घामानं ओला हात काचेला चिकटतो, त्यासाठी मी सुती रुमालाची चौपदरी घडी हाताखाली ठेवते. शाळेत शाईच्या पेनानं लिहिताना ठेवायचो, तशीच.

टॉवेलवाला_सोलापूर

ताई, तुम्ही एवढं लिहिलंत, तुमचे आभार कसे मानू. रात्री जेवताना पोरीला सगळं वाचून दाखवलं. टिंबाचं ऐकून ती म्हणाली, “पप्पा, हे आमच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे थेंबाथेंबानं द्रावण मोजायच्या प्रयोगात झालं तर गणितच चुकेल.” रविवारी जातो दोघं.

एक विचारायचं होतं. तिच्या वर्गातल्या दोघींकडं आयपॅड आहे. तो आपल्या आवाक्यात बसतो का, आणि एवढा फरक पडतो का?

तिसरं_वर्ष_फार्मसी

काका, मी बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझ्याकडं आयपॅड आहे, मामांनी दिलेला. ए सिक्स्टीन चिपचा साधा आयपॅड मार्च २०२५ मध्ये ३४,९०० ला आला. पेन डब्यात नसतं. यूएसबी-सीचं ॲपल पेन्सिल ७,९०० ला आलं होतं. दोन्ही मिळून ४२,८०० होतात. सवलतीत थोडं कमी पडेल, पण तुमच्या पस्तीसमध्ये ओढाताण होईल. त्या पेन्सिलला दाब कळत नाही, म्हणजे जोर दिला तरी रेघ जाड होत नाही. नोट्सला त्यानं काही बिघडत नाही. मात्र ते वायर लावून चार्ज करावं लागतं. माझं एकदा लेक्चरच्या मध्येच बंद पडलं आणि उरलेला तास शेजारणीच्या वहीतून उतरवावा लागला.

आयपॅडची एक गोष्ट मला खरंच आवडते, ती म्हणजे आकार. तो उभा धरला की पान रुंद दिसतं. मैत्रिणीच्या एस नाइन एफईशेजारी ठेवून पट्टीनं मोजलं. तिची काच साधारण पावणेपंधरा सेंटिमीटर रुंद, माझी पावणेसोळाच्या आसपास. ए-फोर कागद २१ सेंटिमीटरचा. म्हणजे सरांची पीडीएफ दोन्हीकडं बारीकच दिसते, माझ्याकडं जरा कमी बारीक. या एका सेंटिमीटरसाठी आठ-दहा हजार जास्त द्यावेत असं मला वाटत नाही.

टिंबाबद्दल ताई बोलल्या ते अगदी खरं आहे. पहिल्या सेमिस्टरला फार्मास्युटिकल ॲनालिसिस असतं. तिथं ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सतत लिहावं लागतं, आणि त्यातलं टिंब गेलं तर पुढची सगळी आकडेमोड जाते.

ताईला (तुमच्या मुलीला) माझ्याकडून दोन गोष्टी सांगा. पीडीएफ थेट टॅबमधल्या नोट्सच्या ॲपमध्ये (सॅमसंग घेतला तर सॅमसंग नोट्स) उघडायची आणि त्याच पानावर लिहायचं, उतरवून घेणं पूर्ण बंद. माझे रोजचे दोन तास यानंच वाचले. दुसरं, दर शनिवारी सगळ्या वह्या पीडीएफ करून गूगल ड्राइव्हवर टाकायच्या, १५ जीबी फुकट मिळतात. आमच्या वर्गातल्या एकाचा टॅब एसटीत सीटवरून पडला आणि काच गेली. टॅब दुरुस्त झाला, पण एका सेमिस्टरच्या नोट्स कुठंच ठेवलेल्या नव्हत्या. परीक्षेला वीस दिवस होते. तो सगळ्यांकडं पानं मागत फिरायचा, बघवायचं नाही.

आणि वही पूर्ण सोडू नका म्हणावं. प्रॅक्टिकलचं जर्नल हातानंच लिहावं लागतं, परीक्षाही कागदावरच असते. मी पहिल्या वर्षी सगळं काचेवर लिहिलं आणि पेपरला दुसऱ्या तासात बोटं आखडली. आता परीक्षेआधीचे पंधरा दिवस जुने पेपर कागदावरच सोडवते, घड्याळ लावून.

जुळे_सोलापूरकर

आकृत्यांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. टॅबच बरोबर आहे. बिल मात्र जीएसटीचं घ्या, वॉरंटीला लागतं.

टॉवेलवाला_सोलापूर

घेतला मंडळी. टॅब एस टेन लाइट.

रविवारी सकाळी गेलो. पहिल्या दुकानात खुर्ची मागितली तर म्हणाले, डेमो पीस हात लावायला नाही. बाहेर पडलो. दुसऱ्या ठिकाणी एक तरुण पोरगा होता, त्यानं स्वतःचं स्टूल दिलं आणि पाणीपण आणून दिलं. पोरीनं वही उघडून मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनची आकृती काढली. अर्धवर्तुळासारखी ती वाटी, आत नळ्यांचा गुंता, खाली वळण घेऊन परत वर येणारी नळी. मी बाजूला उभा राहून बघत होतो. घरी वहीवर जशी वाकते, तशीच वाकली होती, हात पूर्ण टेकलेला. एकही भलती रेघ उठली नाही.

मग टिंबं दिली. वीस दिली, मी बोट ठेवून दोनदा मोजली, वीसच्या वीस. त्या पोरानंही मोजली. तो म्हणाला, “काका, हे मला माहीत नव्हतं, आता मी पण गिऱ्हाइकाला असंच दाखवतो.” शेवटी तिनं मराठीत एक ओळ लिहून वर रेघ ओढली. ओळ होती, ‘आज पप्पांना सुट्टी आहे.’ मी ती पुसू दिली नाही, मोबाईलवर फोटो काढून ठेवला.

बजेटमध्येच बसलं, जाड कव्हर धरून. जुळे सोलापूरकर दादा, बिल पक्कं घेतलंय. ताई, रुमाल तिच्या आईनं आमच्याच कारखान्याच्या टॉवेलचा तुकडा शिवून केलाय, चांगला जाड.

एकच राहिलं. दुकानदार म्हणत होता, वर कागदासारखी खरखरीत फिल्म लावा, लिहायला बरं पडतं. लावू का?

गणिताची_ताई

वाचून फार बरं वाटलं दादा. फिल्म आत्ता नको. महिनाभर तिला तशाच काचेवर लिहू दे. काच गुळगुळीत लागून अक्षर घसरतंय असं ती स्वतः म्हणाली तरच लावा. खरखरीत फिल्मवर टोक लवकर झिजतं आणि बारीक अक्षराची पीडीएफही किंचित धूसर दिसते. डब्यात जादा टोकं आहेत का ते बघून ठेवा, असली तर घरात एका डबीत जपून ठेवा, फार बारीक असतात.