खांब ३२ आहेत

ग्रुप : शहापूरचा वाडा (बेळगाव) – सगळे

शैलाआत्या, सकाळी ७:१२
रोज सुप्रभात पाठवते, आज नाही पाठवत. समोरच्या काकूंनी हा फोटो पाठवलाय. आपल्या वाड्याच्या दाराला नोटीस चिकटवलीय. भाजीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी बघितली, घरच्या लेकीला पत्ता नाही. कोणी लावली आणि कशासाठी, कोणी सांगेल का?

विनू कोल्हापूर, ७:१९
आत्या, बघितली खरी, पण कन्नडमध्ये आहे की ती.

शैलाआत्या, ७:२०
म्हणूनच विचारतेय.

अण्णाकाका, ७:२४
सुप्रभात. वाड्याचे खांब ३२ आहेत. माझ्या डायरीत नोंद आहे. सर्वांनी लक्षात घ्यावे.

बापूकाका, ७:३१
मेघा वाचून सांगेल. डबे भरूलालीय. थांबा जरा.

मेघा, ७:५२
नमस्कार सगळ्यांना. नोटिशीत असं आहे : हा वाडा उतरवून त्याच साहित्यात येळ्ळूरच्या शेतात पुन्हा उभा करायचा अर्ज आलाय. वारसांपैकी कोणाची हरकत असेल तर १५ दिवसांत लेखी द्यावी. अर्जदार म्हणून बाबांचं आणि समीरभावोजींचं नाव आहे. तारीख गेल्या आठवड्यातली. म्हणजे ८ दिवस गेले.

विनू कोल्हापूर, ७:५५
बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून जाणारं आपलं घराणं, आणि नोटीस वाचायला गोकाकची सून 😄

मेघा, ७:५६
गेल्या वर्षी तुमच्या शर्टाला ती फीत मीच पिनेनं लावली होती भावोजी.

विनू कोल्हापूर, ७:५६
🙏🙏 वहिनी जिंकल्या.

शैलाआत्या, ८:०३
हसून झालं असेल तर बोलू. बापू, अर्जात ‘सर्व वारसांची संमती आहे’ असं लिहिलंय का? माझी सही कुठाय?

बापूकाका, ८:१०
अगं तुला सांगणारच होतो. गणपतीत सगळे येतील तेव्हा बसून बोलू म्हटलं.

शैलाआत्या, ८:११
गणपती येईपर्यंत १५ दिवस कधीच संपतील.

समीर पुणे, ८:४०
गुड मॉर्निंग ऑल. सॉरी, मीटिंगमध्ये होतो. आत्या, लपवायचं काहीच नव्हतं. २०१९ च्या पावसात मागची भिंत पडली तेव्हा याच ग्रुपवर सगळ्यांनी ‘काहीतरी केलं पाहिजे’ असं लिहिलं होतं. त्यानंतर केलं कोणी? जाग्यावर दुरुस्ती करायची तर रस्ता आता जोत्याच्या वर आलाय, पावसाचं पाणी सरळ सोप्यात येतं. हलवला तर निदान लाकूडकाम तरी वाचेल. आणि हे आपणच पहिले करतोय असं नाही. मुधोळच्या घोरपड्यांचा दरबार हॉल उतरवून मणिपाळला नेऊन उभा केलाय, तिथल्या हेरिटेज व्हिलेजमध्ये. इलकलच्या विणकराचं घर चेन्नईजवळ दक्षिणचित्र म्युझियममध्ये आहे. आपला वाडा तर ट्रकने अर्ध्या तासावर जाणार.

विनू कोल्हापूर, ८:४४
मुधोळचा राजवाडा आणि आपला पाच खणी वाडा एका वाक्यात. आजोबा वर खूश झाले असतील.

अण्णाकाका, ८:४५
खांब ३२ आहेत. उतरवण्याआधी मोजून, सह्या घेऊन यादी करावी.

शैलाआत्या, ८:५८
मुधोळ राहू दे. समीर, पुढचं पण सांग. वाडा तिथे उभा राहिल्यावर त्यात राहणार कोण?

समीर पुणे, ९:०५
आपण सगळेच, आत्या. सुट्टीला वगैरे. आणि मेंटेनन्स निघावा म्हणून एक-दोन खोल्या होमस्टेला.

शैलाआत्या, ९:०६
हां. आता कळलं.

समीर पुणे, ९:०७
काय कळलं?

शैलाआत्या, ९:०७
(हा मेसेज डिलीट केला आहे)

विनू कोल्हापूर, ९:०८
मी वाचला 😬

बापूकाका, ९:२०
एक सांगतो, राग मानू नका. गेली ४० वर्षं त्या वाड्यात मी राहूलालोय. पावसाळ्यात रात्री उठून पातेली मी ठेवतो. घरपट्टी मी भरतो. दिवाळीला येऊन ओटीवर फोटो काढणाऱ्यांनी ‘आमच्या आठवणी’ म्हणायला काही हरकत नाही. पण आठवणींना कौलं लागत नाहीत, घराला लागतात.

शैलाआत्या, ९:२६
हे मला उद्देशून आहे का?

बापूकाका, ९:२७
कोणालाच नाही.

शैलाआत्या, ९:४१
मग मीही कोणालाच उद्देशून लिहीत नाही. बाबा गेले २००३ साली. ‘लग्न झालेल्या मुलीला काय विचारायचं’ असं कोणाच्या मनात असेल तर माहितीसाठी : आपल्या कर्नाटकात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित घरात मुलाइतका वाटा आहे. दिल्लीचा कायदा २००५ चा, आपला त्याच्या आधीचा. तेव्हा माझं लग्न १९८८ ला झालंय म्हणून माझा वाटा नाही असं कोणी म्हणू नका. तो वाटा मी मागितलाही नाही. पण सही माझी लागणार. आणि आपल्या नलूच्या मागे तिच्या मुलाची, राजूची लागणार.

मेघा, ९:४४
आत्याबाई, १९९४ चा तो कायदा त्याआधी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. २००५ चा मात्र तुम्हाला लागू आहे, २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तर वादच नाही. म्हणजे मुद्दा तुमचाच बरोबर, साल फक्त दुसरं.

शैलाआत्या, ९:४५
बघा. सुनेला कायदा माहीत आहे, भावाला नाही.

विनू कोल्हापूर, ९:४७
घराचे मूळ कागद मोडीत, १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं ना. नोटीस कन्नडमध्ये. मोडी कोणाला येत नाही, कन्नड कोणाला येत नाही. भांडायला मात्र मराठी झकास येते.

अण्णाकाका, ९:५०
सांगलीच्या कागदातही खांबांचा उल्लेख असणार. ३२.

राजू खानापूर, १०:३३
नमस्कार मामा, मावशी. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून आत्ता वाचूलालोय. सहीचं नंतर बोलू. आधी हा वाडा निघेल कसा ते कोणी बघितलंय का? गेल्या महिन्यात बापूमामांनी बोलावलं म्हणून मी जाऊन आलो. लाकूड सगळं निघेल, खुंट्या मारून जोडलंय, खिळा कुठेच नाही. खांब, तुळया, कडीपाट, सगळ्याला नंबर घालून उतरवायचं. वरून खाली. आधी कौलं, मग रिपा, वासे, तुळया, खांब शेवटी. तांबडा चिरा मातीत बसवलाय तो अख्खा निघतो. पण न्हाणीकडची भिंत नंतर कधीतरी सिमेंटात बांधलीय, तिथला एक चिरा धड निघणार नाही, तुकडेच होतील. आणि माजघराच्या मातीच्या भिंती म्हणजे मातीच. त्या हलत नाहीत, तिथे गेल्यावर नव्या घालायच्या. म्हणजे ‘वाडा हलवला’ म्हणाल तेव्हा खरं तर सांगाडा हलवला.

राजू खानापूर, १०:३५
आणि चुना. आधी भिजत घालून ठेवायचा, निदान महिनाभर. घाईत पोत्यातलं सिमेंट वापरणार असाल तर माझी सही नाही. मावशी, तुमची कारणं वेगळी, माझी वेगळी.

समीर पुणे, १०:४१
राजूदादा ग्रेट. हेच हवं होतं. ड्रॉइंग करायला पुण्यातला एक आर्किटेक्ट मित्र यायला तयार आहे.

राजू खानापूर, १०:४४
येऊ दे. लाकूड ट्रकमध्ये घातलं की वाटेत कोणीतरी अडवणारच, सागवान म्हटल्यावर. वनखात्यात आधीच विचारून ठेवा. परवानगीची प्रत, उतरवण्याआधीचे फोटो, लाकडाची यादी ट्रकमध्येच पाहिजे. आणि होमस्टेचं म्हणाल तर शेतकऱ्याला आपल्या रानात शेतघर बांधायला एनए, म्हणजे जमीन बिगरशेती करून घेणं, लागत नाही. पाहुणे ठेवून पैसे घ्यायचे म्हटलं की ते शेतघर राहत नाही. मग एनए करा.

शैलाआत्या, १०:४५
👏👏👏

समीर पुणे, १०:४६
ओके. होमस्टे बाजूला ठेवू. आत्तापुरता.

शैलाआत्या, १०:४६
‘आत्तापुरता’ काढून लिही.

विनू कोल्हापूर, १०:५२
एक शंका. जुन्या वास्तूजवळ १०० मीटरपर्यंत काही करता येत नाही म्हणे. पुरातत्त्ववाल्यांना विचारायला नको?

मेघा, १०:५८
ते केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांभोवती असतं भावोजी. १०० मीटर बंदी, पुढे २०० मीटर परवानगीने. आपल्याकडे किल्ल्यात कमल बस्ती आहे तशा. किल्ला कुठे, शहापूर कुठे. आणि आपला वाडा कुठल्याच यादीत नाही, म्हणूनच तर आपल्या सह्यांवर अडलाय.

अण्णाकाका, ११:०२
स्मरणार्थ : खांब ३२.

राजू खानापूर, ११:०९
अण्णामामा, रागवू नका. मी दोनदा मोजले. ३१ आहेत.

अण्णाकाका, ११:०९
३२.

राजू खानापूर, ११:१०
सोप्यात १२, चौकाभोवती ८, माजघरात ६, मागच्या सोप्यात ५. एकतीस.

अण्णाकाका, ११:१२
मागच्या सोप्यात ६. १९७४ ला मुंजीच्या मांडवाची दोरी सहाव्या खांबाला मी स्वतः बांधली होती.

विनू कोल्हापूर, ११:१३
खांब गायब!! सीआयडी बोलवा.

बापूकाका, ११:४०
गायब नाही. टिळकवाडीत आहे.

विनू कोल्हापूर, ११:४०
😳

बापूकाका, ११:४१
शैलाच्या व्हरांड्यात. त्याला झोपाळा टांगलाय.

(२६ मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही.)

शैलाआत्या, १२:०७
होय, आहे. भिंत पडली तेव्हा तो खांब चार दिवस चिखलात पडला होता. तुम्ही सगळे ग्रुपवर ‘काळजी घ्या’ लिहीत होता, हात जोडायचे स्टिकर टाकत होता. मी टेंपो बोलावला. खालून एक वीत कुजला होता तेवढा कापून टाकला, बाकीच्याला दरवर्षी पावसाळ्याआधी तेल लावते. तुमच्या ३१ खांबांपैकी कुठल्याला या सहा वर्षांत तेल मिळालंय ते सांगा.

राजू खानापूर, १२:१५
मावशी, एकालाही नाही. दोन खालून पोकळ झालेत, बोट जातं आत.

बापूकाका, १२:३०
तेल कोणी आणून दिलं असतं तर लावलं असतं.

विनू कोल्हापूर, १२:३१
बापूकाका आज नको 🙏

समीर पुणे, १२:४८
आत्या, अर्ज मागे घेऊन पुन्हा देऊ. सगळ्यांच्या नावाने. तुझं नाव पहिलं.

शैलाआत्या, १:१०
पहिलं-दुसरं मला नको. अण्णा मोठे आहेत, त्यांचं पहिलं. माझी सही देते. अटी तीन. होमस्टे नाही. भिंती चुन्यात, राजू म्हणेल तशा. आणि देवघराचा उंबरा बसवताना मला बोलवायचं, आईने तिथे बसून शेवटची वात केली होती.

राजू खानापूर, १:१२
माझीही धरा मग.

बापूकाका, १:२५
आणि खांब?

शैलाआत्या, १:२६
खांब देते. झोपाळ्याच्या कड्या पितळी आहेत, त्या माझ्या.

मेघा, १:४०
मग रविवारी सकाळी १० ला वाड्यावर यायचं का सगळ्यांनी? नंबर घालायला. अर्जाचं कन्नड मी लिहून आणते, मराठीत वाचून दाखवते, मग सह्या. जेवण आमच्याकडे.

राजू खानापूर, १:४२
खडू आणू नका, पावसाने जातो. ऑइल पेंट आणि बारीक ब्रश. तुळईचा नंबर वरच्या अंगाला घाला, दर्शनी बाजूला नको.

विनू कोल्हापूर, १:४५
कुंदा मी आणतो.

शैलाआत्या, १:४५
कोल्हापूरहून बेळगावला कुंदा आणणार?

विनू कोल्हापूर, १:४६
स्टँडवर उतरून घेतो की ओ.

अण्णाकाका, २:०५
डायरी पुन्हा पाहिली. खांबांची नोंद आहे, तुळयांची नाही. रविवारी मोजू या. शिडी मी आणतो.

शैलाआत्या, २:०६
शिडी आणा. वर तुम्ही चढायचं नाही.