अनुभव धागा : भाड्यासाठी दुसरा फ्लॅट, जोखीम किती झेपते?

‘भाड्यात हप्ता फिटेल’ हे गणित पुण्या-मुंबईत बसत नाही, तरी टोकन देताना डोक्यात तेच असतं. ज्यांना या व्यवहाराच्या खाचाखोचा ठाऊक आहेत त्यांनी लिहा. कहाण्या नकोत, आकडे हवेत.

पुण्याहून
७० लाखांचा फ्लॅट ७० ला पडत नाही. ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी धरून ७५ लाख २० हजार. भाडं २२,००० असेल तर वर्षाला अकराच महिने धरा : २,४२,०००. मेंटेनन्स ३६,०००, मालमत्ता कर १४,०००, एजंट आणि रंगकाम २०,००० वजा करा. हाती १,७२,०००, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्के. (स्वतः राहणाऱ्याला महापालिका करात देते ती ४० टक्के सवलत भाड्याने दिलं की जाते.)

आता ५० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं : हप्ता ४३,३९१. भाडं त्याच्या निम्मं. व्याज एक टक्का चढलं तर आणखी ३,२०० च्या आसपास. बँक बहुधा हप्त्याऐवजी मुदत वाढवते, त्यामुळे पटकन कळतही नाही. सहा महिने दमडी भाडं न येता, एफडी न मोडता हप्ता जात असेल तरच जोखीम झेपते म्हणा. ‘मी तसा धाडसी आहे’ याला इथे काही किंमत नाही.

करारांचं काम करणारा
अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही महाराष्ट्रात निव्वळ अफवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं धरतात. वाचवायचं तरी काय? २४ महिने, २२,००० भाडं, एक लाख डिपॉझिट : मुद्रांक १,३७०, शहरात नोंदणी १,०००. बस.

सोसायटी कमिटीवरून
नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून सोसायटी लावते ती रक्कम) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच, पालिकेचे कर वगळून. काही ठिकाणी तो सगळ्या बिलावर लावतात. बिलातली सेवा शुल्काची ओळ शोधा आणि लेखी विचारा.

कर पाहणारी
पालिकेचा कर भरून उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, खर्च झाला असो वा नसो. पण नव्या करप्रणालीत भाड्यापेक्षा कर्जाचं व्याज जास्त झाल्याने दिसणारा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. ‘टॅक्स वाचतो’ म्हणून घेणाऱ्यांचं निम्मं कारण तिथेच संपतं. मालक परदेशात असेल तर भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो. हे ऐकून बरेच भाडेकरू काढता पाय घेतात.

दुरुस्तीवाला
जुना फ्लॅट घेताना आधी खालच्या मजल्यावर जा. त्यांच्या बाथरूमच्या छतावर पिवळट नकाशा असेल तर गळती तुमची आणि भांडणही तुमचंच. नकाशा नसला तरी तपासा : नाहणीचं तोंड चिंध्या आणि प्लॅस्टिकने घट्ट बुजवा, एक-दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा, २४ तास थांबा. रेघ आणि पाणी यांत बोटभर फरक पडला तर फरशी उखडून वॉटरप्रूफिंग आलंच. तो खर्च भावातून कापून घ्या, टोकन देण्याआधी.