काही देशांत मेट्रो आणि पूल भराभर उभे राहतात ते नेमकं कशामुळे?

वनाजजवळची

मी शाळेत भूगोल शिकवते. नववीच्या मुलांनी एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं प्रामाणिक उत्तर मला द्यायचंय, म्हणून हा धागा.

बीजिंग ते शांघाय हा १३१८ किलोमीटरचा वेगवान रेल्वेमार्ग चीनने एप्रिल २००८ मध्ये बांधायला घेतला आणि जून २०११ मध्ये त्यावर गाड्या धावू लागल्या. आपल्या पुणे मेट्रोचं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं. वनाज ते गरवारे हा तुकडा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, आणि स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये. सगळं मिळून तेहेतीस किलोमीटरच्या आसपास. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे १९८७ च्या विकास आराखड्यात आखलेला एचसीएमटीआरचा (मोठ्या क्षमतेच्या सार्वजनिक वाहतुकीचा) वर्तुळाकार मार्ग. या मुलांचे आईवडील तेव्हा शाळेत होते, आणि तो मार्ग अजून झालेला नाही.

स्टाफरूममध्ये दोन उत्तरं मिळाली. "तिकडे हुकूमशाही आहे" आणि "आपल्याकडे सगळे खातात." दोन्हींत तथ्य असेल, पण माझं समाधान होत नाही. जपानने तोक्यो ते ओसाका शिंकान्सेन ही वेगवान रेल्वे १९५९ मध्ये बांधायला घेतली आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये चालू केली. ५१५ किलोमीटर. तेव्हा तिथे निवडणुका होत होत्या, वर्तमानपत्रं टीका करत होती. मग फरक कुठे पडतो? ज्यांनी साइटवर उभं राहून काम केलंय त्यांनी कृपया लिहावं.

हिंजवडी_लोकल

जमीन. माझ्या मते निम्मं उत्तर एवढंच आहे. चीनमध्ये शहरातली जमीन सरकारची आणि गावातली सामूहिक मालकीची. रेघ आखली की काम सुरू. दुसरं म्हणजे तिथे एकाच मापाचे, बत्तीस मीटरचे गर्डर (पुलाच्या तुळया) कास्टिंग यार्डात ओतून शेकडो किलोमीटर मांडत गेले. दर पुलाला नवीन डिझाइन नाही.

आमच्या हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं. त्यासाठी विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला. रोज त्या रस्त्याने जाणारा माणूस म्हणून सांगतो, मला चीनसारखा कायदा चालेल.

निवृत्त_उपअभियंता

ताई, माझी बहुतेक नोकरी पाण्याच्या लाइन हलवण्यात गेली. रस्ता रुंद करायचा असो की पूल बांधायचा असो, आधी आम्हाला बोलावणं यायचं की खालची जलवाहिनी बाजूला घ्या. तेव्हा मी जे सांगतोय ते खड्ड्यात उतरून पाहिलेलं आहे.

कामाचा वेग कुदळ पडण्याआधीच ठरून गेलेला असतो. वर्क ऑर्डर (काम सुरू करण्याचा आदेश) निघाली त्या दिवशी जमिनीखाली काय आहे हे किती माहीत होतं, जमिनीचा ताबा किती मिळाला होता आणि अडचण आली तर निर्णय कोण घेणार, या तीन गोष्टींवर पुढची सगळी वर्षं अवलंबून असतात.

पेठेतल्या एखाद्या रस्त्याखाली काय असतं ते सांगतो. बिडाची जुनी पाइपलाइन, तिच्याशेजारी नंतर टाकलेली डीआयची (डक्टाइल लोखंडाची) लाइन, ड्रेनेज, पावसाळी गटार, विजेची एचटी (उच्च दाबाची) केबल, एलटी (कमी दाबाची) केबल, टेलिफोनचे डक्ट, गॅस, आणि गेल्या काही वर्षांत ज्याने त्याने ओढलेली फायबर. कुठेकुठे कात्रजहून आणलेला नानासाहेब पेशव्यांच्या काळातला नळही लागतो. प्रत्येक खात्याचा नकाशा वेगळा. नकाशात डावीकडे दाखवलेली लाइन उजव्या फुटपाथखाली सापडायची. खरी माहिती असायची ती चावी फिरवणाऱ्या व्हॉल्व्हमनकडे. "साहेब, इथे लाइनचा फाटा, टी आहे, जेसीबी लावू नका," असं तोच सांगायचा. तो रिटायर झाला की ती माहिती गेली. कुणी ती कागदावर उतरवून घेत नसे. आम्ही पत्रं लिहिली, पण त्यासाठी वेगळं बजेट हेड नव्हतं.

आता समजा, खांबाचा पाया खणताना मोठी लाइन लागली. ती एस्टिमेटमध्ये नाही, म्हणजे एक्स्ट्रा आयटम. दर डीएसआरमध्ये (सरकारी दरसूचीत) नसेल तर रेट अ‍ॅनालिसिस करा. फाइल माझ्याकडून कार्यकारी अभियंत्याकडे, तिथून अधीक्षक अभियंत्याकडे, मग लेखा विभाग, मग समितीची बैठक. मंजुरी आली तरी पाण्याचा शटडाउन मिळणार गुरुवारी, तोही पालखी, गणपती सोडून. वाहतूक शाखेची एनओसी वेगळी. तोवर ठेकेदाराची पायलिंग रिग (पायासाठी जमिनीत खोल भोक पाडणारं यंत्र) उभी. तिचं भाडं चालूच असतं, म्हणून तो ती दुसऱ्या साइटवर नेतो. आमची लाइन हलते तेव्हा रिग नसते. बॅरिकेड तेवढं राहतं, आणि येणाजाणाऱ्याला वाटतं की लोक झोपा काढताहेत. माझ्या हाताखालची पोरं रात्री दोन वाजता गाळात उभी राहून जॉइंट मारत होती हो. पण साइटवर उभ्या असलेल्या कुणाकडेही सही करण्याचा अधिकार नव्हता.

जपानने १९६३ मध्ये रस्त्याखालच्या सामायिक डक्टसाठी स्वतंत्र कायदा केला. वीज, टेलिफोन, पाणी, गॅस एकाच भुयारातून न्यायचे आणि तो रस्ता पुन्हा वाटेल तसा खणायचा नाही. सगळ्या तोक्योखाली असे डक्ट नाहीत, पण मुख्य रस्त्यांखाली आहेत, आणि ते करायचं हे साठ वर्षांपूर्वी ठरलं.

माद्रिदबद्दल मी नोकरीत असताना वाचलं होतं आणि ते मनातून गेलं नाही. १९९५ ते २००३ या काळात त्यांनी शंभरावर किलोमीटर मेट्रो बांधली. मेट्रोसूर ही त्यातलीच मार्गिका. चाळीस किलोमीटर, अठ्ठावीस स्थानकं, साधारण तीन वर्षांचं काम, एप्रिल २००३ मध्ये सुरू. कामाचे प्रमुख मॅन्युएल मेलिस स्वतः स्थापत्य अभियंते. सरकारी नोकरीतली लहानशी टीम आणि बदल मंजूर करण्याचा अधिकार तिच्याच हातात. स्थानकं साधी, एकसारखी. ठेका देताना फक्त किंमत बघायची नाही, ठेकेदाराची माणसं आणि त्याची पद्धत यांना जास्त वजन.

आपल्याकडे एल-वन, म्हणजे ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम. एस्टिमेटच्या पंचवीस-तीस टक्के खाली दर भरलेली निविदा मी हाताळलेली आहे. असा ठेकेदार पहिल्या दिवसापासून पत्रव्यवहारच करत बसणार, कारण त्याचा नफा कामात उरलेलाच नाही, तो क्लेममध्ये, म्हणजे जादा पैशांच्या मागणीत आहे. मग आपण त्याला संथ म्हणतो.

आणि हे भारतात जमत नाही, असं मात्र मुलांना सांगू नका. कोकण रेल्वेसाठी १९९० मध्ये महामंडळ झालं, आणि सह्याद्रीच्या पायथ्याने सातशेहून जास्त किलोमीटरचा मार्ग, एक्क्याण्णव बोगदे, जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण रुळांवर आला. ते काम करणारे ई. श्रीधरन पुढे दिल्ली मेट्रोत गेले आणि २०११ पर्यंत तिथेच राहिले. दिल्लीचा पहिला टप्पा, पासष्ट किलोमीटर, २००५ मध्ये ठरल्या तारखेच्या आधी झाला. तोच देश, तीच नोकरशाही, फक्त निर्णय घेणारा माणूस मध्येच बदलला नाही. माझ्या नोकरीत वरचे अधिकारी इतक्या वेळा बदलले की दर वेळी तीच फाइल पहिल्या पानापासून समजावून सांगावी लागे.

रिंगरोड_बाधित

हिंजवडीच्या दादांनी चीनसारखा कायदा चालेल असं लिहिलंय, म्हणून हे लिहितो. आमची जमीन रिंगरोडात जातेय.

आमच्या मुळशी भागात १९२१ ला धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट पुढे होते. धरण झालंच. पुढेही किती धरणं झाली आणि माणसं उठली. तेव्हाचा कायदा १८९४ चा, 'सार्वजनिक काम' म्हटलं की जमीन गेली. २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला तेव्हा पहिल्यांदा खेड्यातल्या जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला आणि प्रकल्पाचा आमच्यावर काय परिणाम होईल ते जनसुनावणी घेऊन तपासायची सक्ती आली. हा कायदा कामाच्या आड येतो असं शहरात बोललं जातं. आम्हाला तो एवढ्या वर्षांनी मिळालेला आहे, दादा.

उशीर कुठे होतो ते सांगतो. सातबारा अजून आजोबांच्या नावावर. वारसनोंद अर्धी झालेली. आत्यांचा हिस्सा आहे, एक चुलते विदर्भात, त्यांची मुलं सहीला यायला तयार नाहीत. पोटहिस्सा कागदावर एक आणि बांधावर दुसरा. मोजणी आली तर क्षेत्र कमी भरतं. पंचनाम्यात विहीर लिहिली, पाइपलाइन राहिली, आंबे राहिले. मग हरकत घ्या. घरातच एकमत नसलं की रक्कम कोर्टात जमा होते आणि भाऊ-भाऊ तारखांना जातात. यात रस्त्याला विरोध करणारा एकही माणूस नाही, तरी वर्षं जातात.

समृद्धी महामार्गाला बहुतेक जमीन थेट खरेदीने घेतली. खरेदीखत झालं की पैसे खात्यात. सुरुवातीला तिथेही मोठा विरोध होता. पण शेजाऱ्याला पैसे मिळालेले दिसले की माणूस स्वतःहून येतो. ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. कायदा ढिला न करताही हे जमतं. आधी सातबारे दुरुस्त करून द्या, तेही गावात कॅम्प लावून, आणि मग नोटीस काढा.

श्टुटगार्टहून_पुणेकर

पैसा आणि शिस्त असली की वेग येतो, हा गैरसमज इथे राहून गेला. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं काम २००६ मध्ये सुरू झालं. उद्घाटन २०१२ मध्ये ऐनवेळी रद्द झालं, कारण आगीच्या वेळी धूर बाहेर काढणारी यंत्रणा चालत नव्हती, आणि विमानतळ उघडला ऑक्टोबर २०२० मध्ये. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यू सबवेचा पहिला टप्पा तीन किलोमीटरसुद्धा नाही. २००७ ते २०१७, खर्च चार अब्ज डॉलरच्या वर.

उलट आपल्याकडे बघा. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूमिपूजन एकच, १४ सप्टेंबर २०१७. तंत्र एक, जपानचं कर्ज एक. गुजरातेत खांब आधी उभे राहिले, महाराष्ट्रात जमिनीचा ताबा उशिरा मिळाला म्हणून काम मागे पडलं. म्हणून 'कुठला देश' यापेक्षा उपअभियंता काकांनी सांगितलेल्या तीन गोष्टी मला जास्त पटतात.

निवृत्त_उपअभियंता

रिंगरोडवाल्या भाऊंचा प्रतिसाद मुलांना वाचून दाखवावा अशी विनंती. आमच्या खात्यात 'जागा ताब्यात नाही' असा एक शेरा मारून आम्ही मोकळे व्हायचो. त्या शेऱ्यामागे काय असतं ते त्यांनी लिहिलंय.

हिंजवडीच्या मित्राला एक सांगायचंय. तुमचा रोजचा त्रास खरा आहे, पण पुण्यात राहून वेगाबद्दल बोलताना १२ जुलै १९६१ विसरून चालणार नाही. पानशेतच्या धरणाचं काम पुरं झालेलं नसताना, पाणी सोडायच्या नळीचं काम अपुरं असताना, धरणात पाणी साठलं. धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. दक्षिण कोरियाने सोल ते पुसान हा ४२८ किलोमीटरचा महामार्ग १९६८ ते १९७० या अडीच वर्षांत केला, त्यात ७७ कामगार गेले. चीनमध्ये २०११ च्या जुलैमध्ये वेनझोऊजवळ दोन वेगवान गाड्या धडकून ४० माणसं मेली, आणि त्यानंतर त्यांनी गाड्यांचा वेग उतरवला. मला वेग हवाय, मी आयुष्यभर त्यासाठी भांडलो. पण चाचणीचे, क्युरिंगचे (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देण्याचे), तपासणीचे दिवस कापून मिळवलेला वेग मला नकोय. फाइल टेबलावर पडून असते ते दिवस कापा.

वनाजजवळची

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, एक शेवटचं विचारते. वनाज ते चांदणी चौक या विस्ताराला २०२५ च्या जूनमध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, म्हणजे हे आता आमच्या शाळेच्या रस्त्यावरच होणार. मुलांनी नेमकं कशाकडे लक्ष ठेवावं?

निवृत्त_उपअभियंता

खांब किती उभे राहिले ते मोजू नका, ते शेवटी उभे राहतातच. बॅरिकेड लागण्याआधी रस्त्याला आडवे ट्रायल पिट घेतात का ते पाहा. मीटरभर रुंद, माणूस उतरेल एवढा खोल खड्डा, बाजूला टेप आणि वही घेऊन उभा असलेला ज्युनिअर. असे खड्डे दर थोड्या अंतरावर दिसले तर खालची माहिती गोळा होतेय असं समजा. दिसले नाहीत तर पुढची दोन वर्षं लाइन फुटत राहणार.

दुसरं, माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. तीन गोष्टी मागा: त्या रस्त्याखालच्या सगळ्या वाहिन्यांचा एकत्रित नकाशा, वर्क ऑर्डरच्या तारखेला ताब्यात असलेल्या जागेचा तपशील, आणि साइटवरचा कोणत्या हुद्द्याचा अधिकारी किती रकमेपर्यंतचा बदल स्वतःच्या सहीने मंजूर करू शकतो त्याचा आदेश. अर्ज तुमच्या नावाने द्या, प्रश्नांचा मजकूर मुलांना लिहू द्या. उत्तर आलं की इथे टाका, त्यातल्या खात्याच्या भाषेचा अर्थ मी सांगेन.