शाळेचं म्युझिकल आणि सुपरहिरो सिक्वेल, दोन्हीला एकाच फूटपट्टीने मोजायचं का?

तिसरी_घंटा
नमस्कार मंडळी, जरा पेचात सापडलेय म्हणून विचारतेय. कॉलेजच्या मासिकासाठी या वेळी मी दोन परीक्षणं लिहिली, एक माझ्या जुन्या शाळेतल्या मुलांनी केलेल्या म्युझिकलचं आणि दुसरं एका सुपरहिरो पिक्चरच्या दुसऱ्या भागाचं, दोन्ही एकाच आठवड्यात बघितली. म्युझिकलला पाचातले साडेतीन स्टार दिले, पिक्चरला दोन. आता संपादक म्हणतो हे असं शेजारीशेजारी छापलं तर कोणाला पटणार नाही, ज्या पिक्चरवर एवढ्या लोकांनी दोन-तीन वर्षं घाम गाळला त्याला दोन आणि जिथे पडदा अर्ध्यावर अडकला, माइक किंचाळला तिथे साडेतीन? आणि दुसरीकडे ज्या बाईंना मी म्युझिकलचा मसुदा वाचायला दिला त्यांना तो फार कडक वाटला, कारण मी लिहिलंय की पहिला अंक लांबलाय आणि नायकाची दोन गाणी पाचव्या रांगेच्या मागे ऐकूच येत नव्हती. त्यांचं म्हणणं, मुलांबद्दल असं लिहू नये, कौतुक करावं आणि थांबावं.

साडेतीन का दिले ते सांगते. गोष्ट मुलांनीच लिहिलेली, बंद पडलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याची. दुसऱ्या अंकात एका मुलीचं एकटीचं गाणं आहे. तिथे आधीच रेकॉर्ड केलेल्या साथीचा ट्रॅक सुरू झाला आणि ती दोन मात्रा उशिरा उठली, ट्रॅक काही कोणासाठी थांबत नाही, ती शब्दांच्या मागे धावतेय, आणि मागे कोरसमध्ये उभा असलेला एक मुलगा, घड्याळाचा लोलक झाला होता तो, त्याने डोलता डोलताच पायाने ठेका द्यायला सुरुवात केली, लाकडी स्टेजवर, धप धप. पुढच्या ओळीला शेजारच्या दोघांनी उचलला, मग सगळ्या रांगेने, आणि तिसऱ्या ओळीला ती मुलगी बरोबर समेवर आली. बघणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना ते तसंच बसवलंय असं वाटलं असणार. माझ्या अंगावर काटा आला.

पिक्चरमध्ये अडीच तासांत असं एकदाही झालं नाही. शेवटची चाळीस मिनिटं नुसत्या इमारती कोसळतायत आणि कोण कशासाठी लढतंय तेच विसरायला होतं. पहिल्या भागात जो हिरो आईचा फोन घ्यायलासुद्धा घाबरत होता तो या भागात कशालाच घाबरत नाही.

पण आता माझीच खात्री डळमळलीय. मुलांना मी नकळत सवलत दिली का? की पिक्चरवर उगाच राग काढला? छपाईला चार दिवस आहेत, मनापासून सांगा.

काळी_चार
अगं, मी कितीतरी वर्षं शाळेतल्या मुलांकडून गाणी बसवून घेतेय, तेव्हा त्या ऐकू न येणाऱ्या नायकाबद्दल आधी बोलते. बारा ते पंधराच्या आसपास मुलांचा आवाज फुटतो, साधारण एक सप्तक खाली येतो, आणि तो काही एका रात्रीत उतरत नाही, मधले कित्येक महिने कुठल्या सुरावर गळा दगा देईल ते त्या मुलालाही माहीत नसतं. मुलींचाही आवाज थोडा उतरतो पण इतका नाही. गाणी बसवली तेव्हा जी पट्टी आरामात जमत होती ती प्रयोगापर्यंत त्याच्या हाताबाहेर गेली असं मी अनेकदा बघितलंय. मग पोर काय करतं, घाबरून खालच्या आवाजात पुटपुटतं. पुटपुटणाऱ्याचा आवाज पोचत नाही म्हणून साउंडवाला माइक वाढवतो, माइक वाढवला की स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो आणि गोल गोल फिरत वाढत जातो, तीच ती किंचाळी. म्हणजे तू ज्या दोन वेगळ्या तक्रारी लिहिल्यास त्या एकाच जागेवरून आलेल्या असू शकतात.

म्हणून लिही, जरूर लिही, पण बोट पट्टीकडे असू दे, मुलाकडे नको. पट्टी मोठी माणसं ठरवतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर चालणाऱ्या मोठ्या संगीत नाटकांच्या शाळांसाठी ज्या ज्युनिअर आवृत्त्या मिळतात त्या तासाभराच्याच असतात, आणि गाण्यांच्या पट्ट्याही मुलांच्या गळ्याला बेतून बदललेल्या असतात. ते काही मुलांवर दया म्हणून करत नाहीत, गाणारा कोण आहे ते बघून नाटक बेतायचं असतं. पहिला अंक लांबला हे वाक्यही काढू नकोस, कात्री लावायचं काम दिग्दर्शकाचं असतं आणि तो काही आठवीतला नसतो.

आणि तो पायाचा ठेका! तो मुलगा आपली ओळ येईपर्यंत नुसता उभा नव्हता, तो तिचं गाणं ऐकत होता. साथीला पेटी किंवा पियानो असता तर वाजवणाऱ्याने तोच तुकडा पुन्हा घोळवून तिला आत घेतलं असतं, ट्रॅकमध्ये ती सोय नाही, म्हणून ते काम त्या पोराने केलं. तालमीत एकमेकांचं ऐकायची सवय लागलेली असल्याशिवाय हे सुचत नाही. मला विचारशील तर इथे अर्धा स्टार अजून देता येईल.

इंटरव्हलनंतर
मी पिक्चरच्या बाजूने थोडं बोलतो. तुमचे दोन स्टार मला खटकत नाहीत, कारण नीट लिहिलेलं नाही ते खटकतं. "नुसत्या इमारती कोसळतायत" हे तर या प्रकारच्या निम्म्या पिक्चरना लागू पडेल.

सिक्वेलचं काम पहिल्या भागाहून वेगळं असतं. पहिल्यात हिरोला शक्ती मिळते, तिथे मजा आपोआप येते. दुसऱ्यात ती शक्ती त्याच्याकडे आहेच, मग आता काय? चांगल्या सिक्वेलनी ती काढूनच घेतलीय बघा. १९८० च्या सुपरमॅन टू मध्ये तो प्रेमापायी स्वतःहून शक्ती सोडतो. २००४ च्या स्पायडरमॅन टू मध्ये पीटरची शक्ती मधेच दगा द्यायला लागते, आणि मग तो ट्रेनचा सीन येतो, ब्रेक गेलेली ट्रेन जाळी टाकून थांबवतो, बेशुद्ध पडतो, चेहऱ्यावर मास्क नाही, आणि आतली माणसं त्याला हातांवर उचलून डब्यात घेतात, दोन पोरं त्याचा मास्क परत आणून देतात. त्या पिक्चरला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, पण आपल्या लक्षात राहिलेत ते हात. म्हणजे तुमच्या त्या कोरससारखंच की! अडलेल्याला मागच्या माणसांनी उचललं.

आणि २००७ चा तिसरा भाग घ्या, दिग्दर्शक तोच सॅम रायमी, हिरो तोच, पण हिरोसमोर तिघं उभे केले आणि एकाच्याही वाट्याला पुरेसा वेळ आला नाही. पैसा, माणसं, अनुभव सगळं असून घसरतं ते असं.

तेव्हा तुमच्या परीक्षणातलं सगळ्यात भारी वाक्य आईच्या फोनचं आहे, ते तुम्ही इथे लिहिलंय, परीक्षणात लिहिलंय का? त्यापासूनच सुरुवात करा. आणि एक विनंती, इफेक्ट्स करणाऱ्यांना झोडू नका. शेवटची चाळीस मिनिटं पोकळ वाटली तर खोट कागदावरच राहिलेली असते, रात्र रात्र जागून त्या इमारती पाडणाऱ्यांच्या हातात ते नसतं.

मागच्या_रांगेचा_बाबा
माझं मत या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे, मुलांना स्टार देऊच नका. साडेतीन पण नको आणि पाच पण नको. पिक्चरचं तिकीट काढायचं की नाही हे ठरवायला लोक स्टार बघतात, म्युझिकलचा प्रयोग तर होऊन गेला, आता तो आकडा कोणासाठी?

पण लिहा मात्र खरं. माझी मुलगी मागे एका म्युझिकलमध्ये कोरसला होती, तीन महिने घरात तेच गाणं चाललेलं. नंतर शाळेच्या अंकात आलं की सर्वच विद्यार्थ्यांनी उत्कृष्ट कामगिरी केली. तिने ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, बाबा, यांनी मला बघितलं असेल का? मला काही बोलताच आलं नाही. तिच्या हातातला कंदील एका प्रवेशात विझला होता आणि तिने तो पेटलेलाच आहे असा शेवटपर्यंत सांभाळून धरला होता, दुसऱ्या हाताचा आडोसा करून. कोणी एवढंच लिहिलं असतं, अगदी "कंदील विझला" असं जरी लिहिलं असतं, तरी तिला कळलं असतं की कोणीतरी बघत होतं. त्या बाईंना सांगा, कौतुक करून थांबलात की मुलांना ते बरोबर कळतं.

तो लोलक झालेला मुलगा नक्की सापडू दे तुमच्या लेखात. नाव छापायचं नसेल तर लोलक म्हणून.

तिसरी_घंटा
सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री बसून दोन्ही परत लिहिली.

काळी_चार ताई, मी गाणी बसवणाऱ्या सरांना फोन केला, तुम्ही म्हणालात तेच निघालं. नायकाचा आवाज तालमी सुरू झाल्यानंतर फुटला, पट्टी खाली घ्यायची तर ट्रॅक पुन्हा करून घ्यावा लागला असता म्हणून राहिलं. आता मी लिहिलंय की दोन गाणी मागे पोचत नाहीत कारण ती त्या गळ्यासाठी राहिलेली नाहीत, आणि ट्रॅकऐवजी कोणी साथीला बसलं असतं तर हे सावरता आलं असतं. पहिला अंक लांबलाय हे तसंच ठेवलंय.

पिक्चरचं परीक्षण आईच्या फोनपासून सुरू केलं आणि लिहिता लिहिता माझंच माझ्या लक्षात आलं की पहिला अर्धा तास मला आवडला होता, हिरोचं आणि त्याच्या बहिणीचं भांडण खरंच छान आहे, रागाच्या भरात ते मी लिहिलंच नव्हतं. दोनाचे अडीच केले. त्याच्यापुढे मन जात नाही.

बाबा, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. म्युझिकलचे स्टार काढून टाकलेत. संपादकाला पान रिकामं दिसतं म्हणून तो कुरकुरतोय, तिथे लोलकाचं चित्र टाकू म्हटलंय.

एक राहिलं, ताई. शाळेत पुढच्या आठवड्यात अजून एक प्रयोग ठरलाय. ट्रॅक तोच आहे. इतक्या कमी वेळात त्या मुलासाठी काही करता येईल का? सर विचारत होते.

काळी_चार
येईल की. ट्रॅक बदलायची गरज नाही. फोनवरच्या साध्या ॲपमध्येसुद्धा वेग तोच ठेवून पट्टी खाली-वर करता येते, दोन-तीन स्वरांपर्यंत फार विचित्र वाटत नाही. आधी त्याला ट्रॅकशिवाय गाऊ दे, कुठे आरामात लागतोय ते बघा आणि मग तेवढं सरकवा. एखादी ओळ तरीही लागली नाही तर ती सरळ कोरसला द्या, त्यांना ऐकायची सवय आहेच. आणि प्रयोगाच्या दिवशी सकाळी पूर्ण आवाजात तालीम अजिबात नको म्हणावं, नुसतं गुणगुणू दे.