चर्चच्या इतिहासात बायका खरंच पुढारी होत्या का, की हे आत्ताचं खूळ?

मागचा_बाक:
आमच्या बायबल स्टडीत परवा चांगलीच जुंपली. एक काका म्हणाले बायकांनी चर्चमध्ये पुढे येणं हे गेल्या पन्नास वर्षांतलं खूळ, त्याआधी कुणी असलं काही मागितलंच नव्हतं. मला ते पटलं नाही पण मरीया मग्दालीया सोडली तर एक नाव तोंडात येईल तर शपथ! आता पुढच्या वेळी मलाच दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. ते "स्त्रिया किती सेवाभावी, किती प्रेमळ" छाप नकोय हां, कुणाच्या हातात खरा अधिकार होता, कुणाचं लोकांना ऐकावं लागलं, असं काहीतरी द्या ना प्लीज.

जुनीवही:
बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय काढा, जो आपण सगळे नुसती नावं नावं म्हणून उलटून टाकतो. पहिलीच फिबी. मराठीत 'सेविका' आहे त्यामुळे डोळ्यापुढे केर काढणारी बाई येते, पण मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस, आणि पौल तोच शब्द स्वतःला आणि अपुल्लोसला पण लावतो. मग सातव्या वचनात युनिया, प्रेषितांमध्ये नावाजलेली. चौथ्या शतकातला जॉन क्रिसोस्टोम, ज्याची मातृभाषाच ग्रीक, तो तिला बाई समजूनच तिचं कौतुक करतो. पुढे लोकांना वाटलं की प्रेषित आणि बाई हे जमत नाही, मग ती झाली 'युनियास', पुरुष! १९२७ च्या नव्या कराराच्या एका नामांकित ग्रीक आवृत्तीत तसंच छापलं आणि १९९८ मध्ये गुपचूप परत बाई केली. गंमत म्हणजे युनिया हे नाव रोमन शिलालेखांत ढिगाने सापडतं, युनियास शोधून सापडत नाही.

सरळमार्गी:
जुनीवही, थोडं थांबा. त्या वचनाचा अर्थ 'प्रेषितांना माहीत असलेली' असाही काही अभ्यासक लावतात, ते पण सांगायला हवं. आणि वजन असणं वेगळं, पद असणं वेगळं. सिएनाची कॅथरीन ही रंगाऱ्याची पोर, ती १३७६ ला फ्रान्समधल्या अव्हिन्योंला, जिथे तेव्हा पोप राहायचे, तिथे जाऊन पोप अकराव्या ग्रेगरीला रोमला परत चला म्हणून तोंडावर सांगून आली आणि तो गेलाही (एकट्या तिच्यामुळे नाही अर्थात), पण म्हणून ती धर्मगुरू नव्हती. कॅथलिक चर्चने १९९४ मध्ये पण स्पष्ट सांगितलंय की बायकांना धर्मगुरूपदाची दीक्षा देण्याचा आम्हाला अधिकारच नाही. ताई, दहा मिनिटांत सगळ्यांना पाळक करून टाकू नका एवढंच.

टिटवी:
सरळमार्गी, पद पण होतं हो. स्पेनमध्ये बुर्गोसजवळ लास वेल्गास नावाचा मठ आहे, तिथल्या मठाधिपती बाईच्या परवान्याशिवाय तिच्या हद्दीत पाद्र्याला कन्फेशन ऐकता येत नव्हतं, आणि हे चाललं थेट १८७३ पर्यंत! मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) ती स्वतः करू शकत नव्हती हे खरं, पण कुणी करायची ते ती ठरवायची. इंग्लंडात व्हिटबीची हिल्डा, साधू आणि साध्वी दोघांच्या मठाची प्रमुख, ६६४ ची मोठी धर्मसभा तिच्याकडे भरली, तिच्या हाताखालचे पाच जण बिशप झाले.

आणि बाराव्या शतकातली जर्मन मठाधिपती हिल्डेगार्ड तर सांगाच. वय ऐंशीच्या आसपास. एका बहिष्कृत झालेल्या सरदाराला तिने मठाच्या दफनभूमीत पुरलं, कारण तिच्या मते त्याला मरण्याआधी माफी मिळाली होती. माइन्झ शहरातल्या चर्चच्या वरिष्ठांचा हुकूम आला की उकरून बाहेर काढा. तिने ऐकलं नाही, उलट कबर ओळखू येऊ नये म्हणून तिच्या खुणाच पुसल्या असं सांगतात. शिक्षा काय, तर मठात गाणं बंद, प्रार्थना दार लावून हळू आवाजात. जिने आयुष्यभर भजनं रचली तिला! तिने त्या लोकांना पत्रच लिहिलं की देवाची स्तुती गप्प करणाऱ्यांना स्वर्गातल्या स्तुतीत जागा नाही. ११७९ ला बंदी उठली आणि त्याच वर्षी ती गेली.

जुनीवही:
टिटवीचं वाचून सॅरा क्रॉस्बी आठवली. १७६१, इंग्लंडातलं डर्बी. मेथडिस्टांच्या, म्हणजे जॉन वेस्लीने सुरू केलेल्या प्रोटेस्टंट चळवळीच्या, छोट्या वर्गाला तीसेक लोक येतील असं धरून ही गेली, तर समोर दोनशे. एकेकाशी बोलणं शक्यच नाही, म्हणून उभी राहिली आणि सगळ्यांशी बोलली. मग घाबरून वेस्लीला पत्र, माझं काही चुकलं का. वेस्लीचं उत्तर बघा, चुकलं नाही, पण पुढच्या वेळी आधी सांगायचं की मेथडिस्ट लोक बायकांना उपदेश करू देत नाहीत, आणि मग मनात आहे ते सरळ बोलायचं :D

हे सगळीकडे दिसतं, गरज असेतो बाई चालते. १९४४ मध्ये युद्धामुळे मकाऊला अँग्लिकन पाद्री पोचू शकत नव्हते, म्हणून बिशप हॉल यांनी फ्लॉरेन्स ली टिम-ओई हिला दीक्षा दिली. युद्ध संपलं, वरून दबाव आला, तिने परवाना परत केला.

मागचा_बाक:
बापरे, खूपच मिळालं! सरळमार्गी दादा, तुमचं ते वजन आणि पद वालं पण घेते. क्रॉस्बी तर नक्कीच. पण पुढे काय झालं, मेथडिस्टांनी बायकांना तसंच चालू ठेवलं का?

जुनीवही:
कुठलं. वेस्ली १७९१ ला गेला आणि १८०३ च्या कॉन्फरन्सने बायकांच्या उपदेशाला चाप लावला, बोलायचंच तर फक्त बायकांपुढे, तेही परवानगी घेऊन. क्रॉस्बी तोवर सत्तरीपार, पुढच्याच वर्षी वारली. तिची मैत्रीण मेरी फ्लेचर मात्र मॅडलीला १८१५ मध्ये मरेपर्यंत बोलतच राहिली, पुरुष पण ऐकायला येऊन बसायचे.